काळी, पांढरी आणि विहिरीचे पाणी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वर्धा येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह, हुंडा, सामुदायिक विवाह अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होत आली आहेत. या वर्षी चालकांनी रसायनशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या एका मास्तरास येथे उभे केले, आणि त्याने विषय निवडला तो विहिरीच्या पाण्याचा! मंडळींपैकी काहींचा थोडा हिरमोड झाला असेल, हे मी जाणतो. तथापि, ज्यांच्या घरी येत्या वर्षात लेक बाळंतपणासाठी माहेरी यावयाची आहे, त्यांनी तरी माझे म्हणणे अर्धा तास ऐकून घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ सालच्या अखेरीस भूजलाच्या गुणवत्तेचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. देशभरातून घेतलेल्या १५,२५९ नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट या क्षाराचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले. ज्या जिल्ह्यांत असे नमुने सापडले त्यांची संख्या ४४० आहे. २०१७ साली ती ३५९ होती. त्यांतूनही सर्वाधिक बाधित अशा पंधरा जिल्ह्यांची नावे अहवालाने वेगळी काढली आहेत. त्या पंधरांत महाराष्ट्राचे सात जिल्हे असून वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ ही त्यांची नावे होत. म्हणजे सातांपैकी चार आपल्या विदर्भातील, आणि त्यांत आपला वर्धा जिल्हा आहेच. सेवाग्राम आणि पवनार यांच्यामुळे ज्या जिल्ह्याचे नाव जगाला ठाऊक झाले, त्याचे नाव अशा यादीत वाचावे लागणे ही सुखाची गोष्ट नव्हे.

आता हे नायट्रेट म्हणजे काय? शब्द परका असला तरी वस्तू परकी नाही. आपले पूर्वज तिला सोरा म्हणत. बंदुकीच्या दारूत कोळसा, गंधक आणि सोरा हे तीन पदार्थ पडतात, हे शाळेत आपण शिकलो आहोत. हा सोरा पूर्वी कोठून येत असे? तो जुन्या गावठाणाच्या मातीतून, गुरांच्या गोठ्यांतून, लोणा लागलेल्या भिंतींच्या पायथ्यातून खरवडून काढीत. बिहारात तर या उद्योगावर कित्येक कुटुंबे जगत असत आणि विलायतेच्या तोफा त्या सोऱ्यावर चालत. जेथे माणसे व गुरे पिढ्यान् पिढ्या राहतात, तेथल्या जमिनीत मूत्र, शेण आणि उकिरडा मुरतो. मातीतील सूक्ष्म जंतू त्यातील नत्राचे रूपांतर सोऱ्यात करतात. सोरा पाण्यात पूर्णपणे विरघळतो, आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो.

आपल्या भाषेत गावाच्या वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ आणि शेतजमिनीस ‘काळी’ म्हणतात. ‘काळी-पांढरी’ हा जोडशब्द उच्चारला की सारा गाव त्यात आला. विहिरीच्या पाण्याचा विचार करावयाचा तर मला याहून सोयीची विभागणी सापडलेली नाही. पांढरीतील विहिरीस सोरा मिळतो तो गोठे, उकिरडे, सांडपाणी आणि अलीकडच्या काळात घरोघर झालेल्या संडासांच्या शोषखड्ड्यांतून. संडास झाले हे उत्तमच झाले. परंतु खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा हा नियम दाटीच्या वस्तीत किती ठिकाणी पाळला गेला, हे आपापल्या गल्लीत डोकावून ज्याचे त्याने पाहावे. काळीतील विहिरीस सोरा मिळतो तो युरियाच्या पोत्यातून. पराटीला आणि गव्हाला दिलेल्या खतातील जो भाग पीक उचलत नाही, तो कोठे जातो याची चौकशी आपण कधी केलेली नाही. वर्धा जिल्ह्याची भूमी बहुतांशी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. वर काळी माती, खाली मुरूम, आणि त्याखाली भेगाळलेला खडक. आपल्या विहिरींना पाणी येते ते या मुरुमातून आणि भेगांतून. वाळूच्या जाड थरातून गाळून येणारे हे पाणी नव्हे. वर जे टाकावे ते अल्पावधीतच खाली भेटीस येते. पावसाळ्यानंतर विहिरी भरतात आणि आपण समाधान पावतो, पण त्याच सुमारास नायट्रेटही काहीसे वाढलेले असते.

याचा अपाय कोणाला, हे आता सांगतो. प्रौढ मनुष्याच्या शरीरावर अधिक नायट्रेटचे काय दीर्घ परिणाम होतात, याविषयी वैद्यकांत मतभेद आहेत आणि त्या वादात मी शिरत नाही. तान्ह्या बाळाविषयी मात्र मतभेद नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तात उतरून हिमोग्लोबिनचे रूप पालटते, आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. ओठ, नखे, कातडी निळसर पडू लागतात. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी अशा दोन बाळांची हकीकत प्रथम प्रसिद्ध केली. दोघांनाही विहिरीच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध पाजले जात होते. पुढे १९५१ साली वॉल्टन नावाच्या संशोधकाने त्या देशातील अशा २७८ रुग्णांची नोंद एकत्र केली. त्यांतील ३९ बालके दगावली होती. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा याच अनुभवावर बेतलेली आहे. आपल्याकडील भारतीय मानक लिटरला ४५ मिलिग्रॅम ही सीमा ठरविते आणि तीत कोणतीही सवलत देत नाही. ४५ मिलिग्रॅम म्हणजे मोहरीच्या वीसएक दाण्यांचे वजन, एवढेच.

येथे आमच्या घराघरांतील एका चांगल्या सवयीविषयी मला काही कठोर बोलावे लागते. ‘बाळाला पाणी उकळून द्यावे’ असे आजीबाई सांगतात. जंतूंपुरते ते अगदी खरे आहे. पण उकळल्याने पाणी आटते, सोरा आटत नाही. म्हणजे जितके अधिक उकळावे तितके त्या पाण्यातील नायट्रेट दाट होते. तुरटी फिरविली तरी ते जात नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेतील दकार्गल नावाच्या अध्यायात विहिरीचे गढूळ, कडवट, दुर्गंधी पाणी सुधारण्यासाठी अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा आणि निवळी यांचे चूर्ण सांगितले आहे. निवळीने गाळ खाली बसतो हे मी स्वतः प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना दाखविलेले आहे. परंतु विरघळलेला सोरा निवळीलाही दाद देत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूध हाच खरा बचाव होय, कारण आईने असे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. घुटी उगाळण्यासाठी, वरचे दूध पातळ करण्यासाठी आपण जे चमचा-दोन चमचे पाणी अजाणता घालतो, तेथेच खरा प्रश्न आहे.

आपल्या आयाबहिणींना पाण्याची पारख नाही असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळते, आणि ते रसायनशास्त्रदृष्ट्या अचूक आहे. गोडे पाणी, खारे पाणी, मचूळ पाणी असे भेद आपली जीभ करते. परंतु नायट्रेटला या प्रमाणात ना रंग, ना वास, ना चव. फ्लोराइडचेही तसेच. वर्धा नदी ओलांडून यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत गेले की काही गावांत मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग तपकिरी पट्टे दिसतात. पुढे हाडे ताठरतात आणि माणूस पन्नाशीतच वाकतो. हे फ्लोराइडचे काम. या रोगाची आपल्या देशातील पहिली शास्त्रीय नोंद १९३७ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातून झाली, म्हणजे त्यापूर्वी कित्येक पिढ्या त्याला ‘वाताचा त्रास’ म्हणत वाकल्या असतील. आपल्या समाजाच्या सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत. लेक देताना आपण घर पाहतो, शेती पाहतो, अलीकडे नोकरी पाहतो. गावच्या विहिरीत काय आहे हे पाहणारा वरपिता मला अद्याप भेटलेला नाही.

जिभेला जे कळत नाही ते कळण्याचे साधन आता एका लहान पेटीत मावते. या पेटीचा पूर्वज सैन्यातला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉरॉक्स नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन चमचे आणि पिष्ट-आयोडाइडचे द्रावण अशी एक पेटी सिद्ध केली. कोणत्या पेल्यात निळा रंग उमटतो हे पाहून पाण्यात किती ब्लीचिंग पावडर घालावी हे त्यावरून कळे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ती पेटी आजतागायत शिकविली जाते. पुढे १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात विष्ठेचे जंतू आहेत की नाहीत हे दाखविणारी कागदी पट्टीची बाटली काढली. खुणेपर्यंत पाणी भरावे, एक-दोन दिवस ऊबदार जागी ठेवावे. पाणी काळे पडले की ते पिण्यास अयोग्य. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, वीजसुद्धा नाही. विदर्भात ऊबदार जागा शोधण्याचेही श्रम नाहीत!

२०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाल्यावर अशा पेट्या गावोगाव पोहोचल्या आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना त्या वापरण्याचे शिक्षण द्यावयाचे ठरले. त्यांना ‘फील्ड टेस्ट किट’ म्हणतात. आम्लता, गढूळपणा, काठिण्य, क्लोराइड, लोह, फ्लोराइड, नायट्रेट आणि शिल्लक क्लोरीन एवढ्या गोष्टी तीत पाहता येतात. नायट्रेटची परीक्षा कशी होते ते सांगतो. नळीत ठराविक पाणी घ्यावे, पहिली पूड घालावी. तिच्यातील धातू नायट्रेटचे नायट्राइट करतो, म्हणजे बाळाच्या पोटात जे घडते तेच येथे नळीत घडते. मग दुसरे द्रव्य घातले की नायट्राइटशी त्याचा संयोग होऊन गुलाबी रंग येतो. जितके नायट्रेट अधिक तितका रंग गडद. तो पेटीतील रंगपट्टीशी ताडून पाहावयाचा. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातील पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची आहे. हा विद्वान इंग्लंडातील एका बिअरच्या कारखान्यात नोकरीस होता, आणि त्याच्या शोधाचा उपयोग आज सेलू-देवळीच्या विहिरीवर होतो आहे. विद्येचे मार्ग असेच असतात. फ्लोराइडच्या परीक्षेत उलट चाल आहे. तेथे आधीच रंगीत असलेले द्रव्य पाण्यात घालतात, आणि फ्लोराइड त्यातील झिर्कोनियम धातूस ओढून घेऊन तो रंग फिका करते वा पालटते.

हे सारे ऐकून काम फार सोपे आहे असे कोणी समजू नये. मी बायाबापड्यांबरोबर अनेक विहिरींवर ही पेटी उघडलेली आहे, आणि तिच्या खोड्या मला ठाऊक आहेत. नळी त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळली पाहिजे. हापशाचे पाणी घ्यावयाचे तर आधी काही वेळ ते वाहू द्यावे. सांगितलेली मिनिटे मोजूनच रंग पाहावा. पाहावा तोही उघड्यावरच्या सावलीत, ट्यूबलाइटखाली नव्हे. ज्यांना रंगांधळेपणा आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतील कपाटात ठेवलेली पूड आणि द्रव्ये मुदतीपूर्वीच निकामी होऊ शकतात, आणि पावसाळ्यात पुडीला दमट हवा लागली की तिचे खडे होतात. अशी पूड नायट्रेटचे नायट्राइट करीत नाही. मग गुलाबी रंग येत नाही, आणि वाईट पाणी चांगले ठरते. पेटीची ही चूक सर्वांत घातक, कारण तिच्यामागोमाग मनुष्य निश्चिंत होतो.

यावर एक साधा उपाय आहे. कृषी केंद्रातून आपण फवारणीसाठी १३:००:४५ या नावाचे खत आणतो. ते शुद्ध सोराच आहे. (नावातला ४५ हा पालाशाचा आकडा, पाण्याच्या ४५ शी त्याचा संबंध नाही, योगायोग समजावा.) त्याची चांगली चिमूट हंडाभर पाण्यात विरघळवावी आणि त्या पाण्याची परीक्षा करावी. रंग गडद गुलाबी आलाच पाहिजे. नंतर मोटारीच्या बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर घेऊन तीच परीक्षा करावी. रंग येता कामा नये. या दोन परीक्षांत जी पेटी उत्तीर्ण होईल तिच्यावरच विहिरीचा न्यायनिवाडा सोपवावा. आणि ते हंडाभर पाणी झाडाला घालावे, कोणी चुकून पिऊ नये.

आणखी एक बारकावा आहे. काही रंगपट्ट्यांवर आणि काही प्रयोगशाळांच्या कागदांवर नायट्रेट मोजलेले नसते, तर नायट्रेटमधील नत्र मोजलेले असते. नायट्रेटचे ४५ म्हणजे नत्राचे १०. एखाद्याच्या कागदावर २० हा आकडा आला आणि ‘पंचेचाळिसाच्या आत आहे’ म्हणून तो संतुष्ट झाला, पण तो आकडा नत्राचा असला तर पाणी मर्यादेच्या दुपटीवर आहे. आकड्यापुढे काय लिहिले आहे ते वाचल्याखेरीज आकडा वाचू नये.

ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल कार्डाविषयीही गैरसमज आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जे स्वच्छता सर्वेक्षण होते त्यावर ही कार्डे अवलंबून असतात. विहिरीभोवती चिखल आहे काय, कठडा फुटला आहे काय, टीसीएल पावडर नियमित पडते काय, साथ आली होती काय, हे त्यात पाहतात. ते आवश्यकच आहे. परंतु हिरवे कार्ड मिळालेल्या गावच्या पाण्यात नायट्रेट भरपूर असू शकते. टीसीएल जंतू मारते, सोऱ्याला स्पर्शही करीत नाही. तसेच पेटीत जी परीक्षा नाही तिच्याविषयी पेटी मूक असते, हेही विसरू नये. आपल्याकडील पेटीत कीटकनाशकांची परीक्षा नाही. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मरण पावले, हे आपण जवळून पाहिले आहे. तीच औषधे पंपात भरताना विहिरीच्या काठावर सांडतात. त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.

जी परीक्षा केली नाही तिचे काय होते, याचा सर्वांत दारुण धडा बांगलादेशाने दिला. जुलाबाच्या साथी टाळण्यासाठी तेथे तळ्यांचे पाणी सोडून लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. हेतू उत्तम होता. १९९२ साली ब्रिटिश भूगर्भ संस्थेने तेथील भूजलाची पाहणी केली. पुष्कळ घटक तपासले, पण आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, तपासला नाही. दुसऱ्याच वर्षी तो सोमल उघडकीस आला. त्या पाहणीवरून लंडनपर्यंत खटला गेला आणि २००६ साली तो फेटाळला गेला. नंतर पेट्या घेऊन सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासल्या. सोमलाच्या परीक्षेत जस्त आणि आम्ल घालून जो वायू निघतो त्याने पाऱ्याच्या क्षाराचा कागद पिवळा-तपकिरी होतो. ज्या नळाचे पाणी वाईट त्यास तांबडा रंग, चांगले त्यास हिरवा. पण कोलकात्याचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेटीचे निकाल प्रयोगशाळेत पडताळून दाखविले की कित्येक नळांना चुकीचा रंग मिळाला आहे. तेव्हा पेटीने संशय घ्यावा आणि प्रयोगशाळेने निकाल द्यावा, हा क्रम सोडून चालणार नाही. आपल्या बेसॉल्टात सोमलाचे भय तितकेसे नाही. मात्र छत्तीसगडात अंबागड चौकीच्या परिसरात तो सापडलेला आहे, आणि गडचिरोलीकडे ज्यांचे आप्त आहेत त्यांनी ते ध्यानात ठेवावे.

आता जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही. पण एका जातीच्या मंडळासमोर पाण्याविषयी बोलावयाचे आणि हे टाळावयाचे, हे मला जमणारे नाही. पाण्याची शुद्धता हा विषय आपल्याला नवा नाही. शतकानुशतके आपण तीविषयी अत्यंत दक्ष होतो. मात्र पाण्यात काय आहे हे आपण पाहत नव्हतो. घागर कोणाची आहे हे पाहत होतो. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा ते तळे ‘बाटले’ म्हणून त्यात शेण-गोमूत्रादि पंचगव्याच्या घागरी ओतण्यात आल्या. रसायनशास्त्राचा विद्यार्थी या प्रसंगाकडे काय दृष्टीने पाहील, हे मघाशी सोऱ्याची उत्पत्ती ऐकल्यावर वेगळे सांगावयास नको. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचे मंदिर सर्वांना खुले केले. वर माणसांनी विहिरी वाटून घेतल्या, खालच्या खडकाच्या भेगांनी ती वाटणी कधीच मानली नाही. आपल्या आळीतील गोठ्याचा सोरा शेजारच्या वस्तीच्या विहिरीत उतरतो, तिकडचा आपल्याकडे येतो.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीत ‘आपल्या समाजाच्या विहिरींची तपासणी’ असा जो ठराव मांडला गेला आहे, त्यास माझी एक दुरुस्ती आहे. पैसा मंडळाचा असो, पेटी मंडळाची असो. पण जेथे पेटी जाईल त्या गावातील पिण्याच्या पाण्याची प्रत्येक विहीर आणि प्रत्येक हापसा तपासला जावा, मालक कोण हे न विचारता. हे औदार्य नव्हे. अर्धे गाव तपासून गावाच्या पाण्याचे चित्र उभे राहत नाही, एवढाच त्यातील हिशेब आहे.

अडचण रसायनाची नाही, माणसाच्या मनाची आहे. एका गावी नळी गुलाबी झाली तेव्हा मालक मला म्हणाले, “आमच्या आज्यानं खंदली हे हिर. आजपावतो कोनाले काई झालं नाई, अन् तुम्ही आज तिले नाव ठेवता?” त्यांचा राग मला समजतो. विहीर खणणे हे आपल्याकडे पुण्यकर्म. शेतात विहीर असणे ही सोयरिकीतली पत. तिच्या कठड्यावर तांबडी खूण उमटणे म्हणजे घराण्यावर बोट ठेवल्यासारखे वाटते. पण त्या विहिरीचे पाणी टाकावयाचे नाही. ते भाजीला चालते, किंबहुना त्यात फुकटचे खत आहे, धुण्याला चालते. फक्त तान्ह्या बाळाच्या तोंडी जाऊ नये आणि शक्य तर कोणाच्याच पिण्यात येऊ नये. त्या मालकांना मी एवढेच म्हटले की आजोबांनी विहीर खणली तेव्हा गावात युरिया नव्हता आणि अंगणात शोषखड्डाही नव्हता. पाणी आजोबांचे बिघडलेले नाही, आपले बिघडलेले आहे. ते काही बोलले नाहीत, पण नमुन्याची बाटली त्यांनी स्वतः भरून दिली.

नमुना सदोष ठरला तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. प्रथम एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून, विहिरीचे ठिकाण आणि तारीख लिहून, शासकीय प्रयोगशाळेकडे पाठवावे. ग्रामपंचायतीमार्फत ही सोय होते. तोवर घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्यापुरते पाणी तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणाहून आणावे. बाळाचे ओठ वा नखे निळसर दिसली तर घरगुती उपचारात वेळ न घालविता तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि पाणी कोणते पाजले ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या विकारावर मेथिलीन ब्ल्यू नावाचे औषध आहे. उकिरडा आणि गोठ्याचे मूत्र विहिरीपासून दूर न्यावे. घरगुती मेणबत्तीची गाळणी किंवा किरणांचे यंत्र नायट्रेट काढीत नाही. ‘आरओ’चे यंत्र पुष्कळसे काढते, पण त्यातून निघणारे पाणीही याच पेटीने अधूनमधून तपासावे, कारण जुन्या पडद्याचे यंत्र नुसते आवाज करते. लग्नाच्या मांडवात जे थंड पाण्याचे जार येतात त्यांनाही हाच न्याय लावावा. फ्लोराइडसाठी तुरटी आणि चुन्याची ‘नलगोंडा’ पद्धत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने काढलेली आहे. ती नायट्रेटवर चालत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्या वसतिगृहाच्या आवारातील विहिरीचे पाणी मी मुद्दामच तपासून आणलेले नाही. ती नळी आपण सर्वांसमक्ष भरावी, असे चालकांनी मान्य केले आहे. भोजनानंतर मागील पडवीत पेटी मांडलेली असेल. ज्या भगिनींना गावी हे काम पाहावयाचे आहे त्यांनी पुढे बसावे, आणि ज्यांनी आपापल्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणले आहे त्यांनी बाटलीवर गावाचे नाव लिहून ती खिडकीशी ठेवावी. उजेड चांगला असेतो, म्हणजे साडेचारपर्यंत, होईल तितक्या बाटल्या तपासू. उरलेल्या माझ्याकडे राहू द्या.